अठरा पूर्ण झाल्यावर पटावरून कमी होणाऱ्या नावांबद्दल

प्रति,
राज्यातील महापालिकांचे आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि या सर्व सभागृहांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विशेष शाळेत शिक्षिका आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, काहींना यातलं एकाहून जास्त, अशी मुलं आमच्याकडे सहाव्या-सातव्या वर्षी येतात आणि अठरा पूर्ण झाली की त्यांचं नाव पटावरून कमी होतं. विशेष शाळांच्या अडचणी सांगायला बसले तर हे पत्र संपायचं नाही, आणि तुमच्या समाजकल्याण विभागाला त्या तोंडपाठ आहेत. म्हणून आज फक्त या कमी झालेल्या नावांबद्दल लिहिते.

अठरापर्यंत निदान कागदावर तरी बरंच काही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ३१ चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या प्रत्येक मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क देतं. जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, हे निवडायची मुभाही देतं. पुस्तकं, साहित्य, सहायक साधनं मोफत, तीही अठरापर्यंत. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे आणि ज्याला शाळेत येणं शक्यच नाही त्याच्यासाठी घरी जाऊन शिकवण्याची सोय आहे. यातलं प्रत्यक्षात किती पोचतं, हा हिशेब पालक रोज करतात. तरी मागायला जागा आहे, अर्जावर लिहायला कलम आहे.

एकोणिसाव्या वर्षी अर्ज कुणाच्या नावे करायचा, तेच कळत नाही.

आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलाचं सांगते. फायली तयार करण्यात तो तरबेज होता. पुठ्ठा सरळ धरून दोन भोकं पाडायची, त्यातून टॅग ओवायचा, टॅगची टोकं समान ओढून घ्यायची आणि झालेली फाइल दहा खाचांच्या लाकडी फळीत उभी करायची. त्याला दहापर्यंत मोजता येत नव्हतं. फळी भरली की गठ्ठा बांधायचा, एवढं पक्कं कळत होतं आणि कामाला तेवढं पुरत होतं. ती फळी आमच्या कार्यशाळेच्या निदेशकांनी खास त्याच्यासाठी करून घेतली होती. एखादी फाइल उलटी लागली तर तो आपणहून काढून सरळ करायचा. कुणी मध्ये हात घातला तर मात्र रागवायचा. शर्टाची बटणं स्वतः लावायचा, डबा धुऊन ठेवायचा, ठरलेल्या थांब्यावर एकटा उतरायचा. यातल्या एकेका गोष्टीला महिनेच्या महिने जातात. आयईपीच्या, म्हणजे प्रत्येक मुलासाठी वेगळ्या केलेल्या शिक्षण आराखड्याच्या, कागदावर आम्ही आधी 'हात धरून करतो' असं लिहितो, मग 'सांगितल्यावर करतो', आणि फार नशीब असेल तर 'स्वतः करतो'. हा मुलगा बऱ्याच रकान्यांत 'स्वतः करतो'पर्यंत पोचला होता.

शाळा सुटली. वर्षभराने त्याची आई बाजारात भेटली. म्हणाली, "बाई, आता बटणंसुद्धा मीच लावते."

तिला दोष द्यायची माझी हिंमत नाही. सकाळी घरात सगळ्यांची घाई, त्यात याची बटणं लागायला दहा मिनिटं, कोण थांबणार? आणि थांबून तयार करायचं तरी कुठे जाण्यासाठी? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाने कमावलेलं कौशल्य रोज वापरात राहिलं तरच टिकतं. दिवसाला वेळापत्रक उरलं नाही की झोप बिघडते, वजन वाढतं, चिडचिड वाढते. मग डॉक्टर, मग गोळ्या. मग घरातलं एक माणूस काम सोडून घरी बसतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा आईच असते. बारा वर्षं शासनाने अनुदान दिलं, शिक्षकांचे पगार झाले, मुलाने आणि आईने जिवाचं रान केलं; ते सगळं घरातल्या टीव्हीसमोर विरून जातं. तुम्ही हिशेबाची माणसं आहात, म्हणून हे हिशेबाच्या भाषेत सांगितलं.

आता तुमच्याकडून नेहमी येणारं उत्तर: हा विषय राज्य शासनाचा आहे. त्यात थोडं तथ्यही आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १९ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर आहे. बौद्धिक, विकासात्मक आणि बहुविकलांगता, तसंच स्वमग्नता असलेल्यांसाठी बाजाराशी जोडलेलं खास कौशल्य प्रशिक्षण असावं, असंही तिथे लिहिलं आहे. राज्यात २०२२ च्या डिसेंबरपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. पण त्याच्या आधीचं कलम वाचा. कलम १८ म्हणतं की प्रौढ आणि निरंतर शिक्षणात दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने सहभागी करून घेण्यासाठी शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाययोजना करावी. अठरानंतरच्या मुलांसाठी कलमही अठरावंच निघावं, हा योगायोग मला आवडला. आणि स्थानिक प्राधिकरण म्हणजे कोण, याची व्याख्या त्याच कायद्यात आहे: नगरपालिका, महापालिका, पंचायती, छावणी मंडळं. म्हणजे तुम्हीच.

त्याच्याही आधी कलम १७. शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, त्यातली दिव्यांग मुलं ओळखायची, त्यांच्या गरजा काय आणि त्या कितपत भागतात हे नोंदवायचं. हेही शासनाबरोबर तुमच्यावर आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ ला अमलात आला आणि पहिलं सर्वेक्षण दोन वर्षांत व्हायचं होतं, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ तर त्याहून जुनं. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची जबाबदारी त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. या दोन कलमांप्रमाणे नोंदी ठेवल्या असत्या, तर पुढच्या पाच वर्षांत तुमच्या हद्दीतली किती मुलं अठरा ओलांडणार, त्यातल्या किती जणांना उचलून न्यावं लागतं, किती जण बसने येऊ शकतात, हे तुमच्या टेबलावर तयार असतं. मी ज्या कार्यालयात हा आकडा विचारला, तिथे मला पेन्शन घेणाऱ्यांची यादी दाखवण्यात आली. त्या यादीत नाव, वय, टक्केवारी आणि खाते क्रमांक होता. मुलाला काय येतं, हा रकाना नव्हता.

आता पैशाचं. तुमच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा शासनाचा आदेश आहे. आधी ते तीन टक्के होते, नव्या कायद्यानंतर पाच झाले. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत कुणीही याला अपवाद नाही. म्हणजे पैसा नाही, हे उत्तर तुम्हाला देता येत नाही. पैसा पडून राहतो, मार्च जवळ आला की आठवतो आणि मग वाटप निघतं. तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, किंवा सरळ खात्यावर रक्कम. मंडप पडतो, फोटो निघतात. ज्याचे पाय अधू आहेत त्याला तीनचाकीचा उपयोग आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. त्याची ती गरज आहे आणि ती भागलीच पाहिजे. पण ज्या मुलीला सुईत दोरा ओवता येत नाही तिच्या नावाने शिलाई मशीन मंजूर होतं, तेव्हा ते तिच्या काकूसाठी मंजूर झालेलं असतं. सगळ्यांना हे माहीत असतं. मंजूर करणाऱ्यालाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला रोज सकाळी जायला एक जागा हवी. तिथे त्याला ओळखणारं, त्याचं काम ठरवून देणारं माणूस हवं, आणि न्यायला-आणायला गाडी. यातलं काहीही मंडपात वाटता येत नाही. म्हणून ते पाच टक्क्यांच्या यादीत येत नाही, असा माझा रोखठोक समज आहे. तो खोटा ठरला तर मला आनंदच होईल.

खात्यावर रक्कम देतो, असं म्हणाल, तर त्यातही मेख आहे. मुलगा अठराचा झाला की बँकेतलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन म्हणून उघडलेलं, खातं तसंच चालत नाही. नव्याने कागदपत्रं, नव्याने सही. सही येत नसेल आणि व्यवहार समजत नसेल, तर बँक कायदेशीर पालकत्वाचा दाखला मागते. तो राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते, जिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपल्या पोटच्या मुलाचं पालक म्हणून अर्ज करावा लागतो, हेच पुष्कळ आईबापांना अठराव्या वर्षी पहिल्यांदा कळतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यासाठी पुन्हा सिव्हिलच्या रांगेत. तोवर पैसे अडकतात आणि तुमच्याकडे शेरा पडतो: लाभार्थ्याने कागदपत्रांची पूर्तता केली नाही. तुमच्या प्रभाग कार्यालयात किंवा पंचायत समितीत एक लिपिक या कामासाठी नेमला, सतरा पूर्ण झालेल्या मुलांच्या पालकांना बोलावून अर्ज भरून घेतले, तर हा प्रश्न एका बैठकीत मिटतो. त्याला निधीसुद्धा लागत नाही. त्याच बैठकीत न्यासाच्या निरामय योजनेचा फॉर्मही भरून घेता येईल. एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि कितीतरी घरांना त्याचं नावही माहीत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सभेत याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या पटावर मुली आधीच कमी असतात. पाळी सुरू झाली की त्यातल्या काही येईनाशा होतात. आम्ही शिकवतो: पँटीवर लाल रंग लावून, पॅड कसं चिकटवायचं, कधी बदलायचं, कागदात कसं गुंडाळायचं, हे पुन्हा पुन्हा करून घेतो. मुली शिकतात. पण शाळा सुटल्यावर अठरा-वीस वर्षांच्या मुलीला बाहेर पाठवायचं म्हटलं तर आई पहिला प्रश्न गाडीतल्या माणसाबद्दल विचारते, दुसरा संडासाबद्दल. या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर ती मुलगी चार भिंतींच्या आत राहते, आणि तसं राहणं सुरक्षित असतंच असंही नाही. तुम्ही केंद्र काढाल तेव्हा गाडीत महिला मदतनीस आणि मोठ्या मुलीचे कपडे बदलता येतील एवढं प्रशस्त स्वच्छतागृह, हे आराखड्यात पहिल्या दिवसापासून असू द्या. नंतर बसवतो म्हटलेलं कधी बसत नाही, हे तुमच्या बांधकाम विभागालाच विचारा.

केंद्र म्हणजे काय, तेही सांगते. मोठी इमारत नको. पट घटल्याने रिकाम्या झालेल्या वर्गखोल्या तुमच्याच शाळांत आहेत. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, एक उतार, एक नीट संडास. पंचवीस तरुणांसाठी दोन विशेष शिक्षक, एक कार्यशाळा निदेशक, दोन मदतनीस. सरासरी पंचवीस हजार पगार धरला तर वर्षाचे पंधरा लाख. चालक आणि डिझेलसह भाड्याची गाडी महिना पन्नास हजार, म्हणजे सहा लाख. आठवड्यातून दोनदा येणारे थेरपिस्ट महिना वीस हजार, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. कच्चा माल, वीज, किरकोळ धरून सव्वीस लाखांच्या आसपास जातं. हा माझा अंदाज आहे, दर जागोजाग बदलतील. पण ज्या नगरपरिषदेचं स्वउत्पन्न वीस कोटी असेल, तिचे पाच टक्के एक कोटी होतात. त्यातले सव्वीस लाख काढले तरी व्हीलचेअर आणि तीनचाक्यांना चौऱ्याहत्तर लाख उरतात. लहान नगरपरिषदांना हे झेपणार नाही, मान्य आहे. दोघी-तिघींनी मिळून किंवा जिल्हा परिषदेबरोबर एक केंद्र चालवावं. ग्रामपंचायतींचा पाच टक्के निधी तर इतका विखुरलेला असतो की एकेकट्या गावाला त्यातून काही उभंच करता येत नाही. तो निधी तालुक्याच्या पातळीवर एकत्र आणण्याची तरतूद शासनाकडून करून घेणं जिल्हा परिषदेला अवघड नाही.

स्थानिक संस्थेला असलं काही चालवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी वाशीला जाऊन यावं. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र महापालिकाच चालवते. विशेष शिक्षण आणि थेरपी एका छताखाली. ते बरंचसं लहान मुलांभोवती उभं आहे आणि नवी मुंबईसारखं उत्पन्न सगळ्यांना नाही, तरी महापालिकेच्या आस्थापनेत हे बसतं की नाही, हा वाद तिथे संपलेला आहे.

आणि कामाचं काय? त्या मुलाच्या फायली आठवा. तुमच्या एकेका कार्यालयाला वर्षाला किती फायली, पाकिटं, टॅग लागतात? विशेष शाळांना जोडलेल्या कार्यशाळा हे सगळं करतात. पण तुमच्या निविदेत उलाढालीची अट असते, अनामत असते, अनुभवाचा दाखला असतो, आणि आमची कार्यशाळा पहिल्याच पानावर बाद होते. मग ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, तुमचे लोक येतात, मुलांनी रंगवलेल्या पणत्या कौतुकाने घेऊन जातात. पणत्या घ्या, जरूर घ्या. पण वर्षाच्या फायलींचा एक हिस्सा अशा कार्यशाळांसाठी राखून ठेवा, दर्जा तपासा, वाईट निघाल्या तर परत करा. परत आलेला माल सुधारून द्यायलाही आमची मुलं शिकतील. पणत्या कधी कुणी परत केल्या नाहीत, त्यामुळे ते शिकायची वेळच आली नाही.

नेहमीच्या शाळेत शिकलेल्या, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दहावी-बारावीला त्यांना तासामागे वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पुढे उच्च शिक्षणात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यांना निदान रस्ता दिसतो. त्यांच्यासाठी तुमच्या रुग्णालयांत प्रमाणपत्राची रांग कमी केलीत तरी पुष्कळ.

एक शंका मी तुमच्या बाजूने काढते: केंद्र काढलं आणि शिक्षक मिळाले नाहीत तर? ही भीती खरी आहे. विशेष शिक्षकांना वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलं की चांगली माणसं हा पेशा सोडतात. मी सोडताना पाहिली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं, पण तेही शाळेपुरतं. अठरानंतरच्यांसाठी प्रमाण ठरलेलं नाही, पदही नाही. तेव्हा अकरा महिन्यांच्या कराराने सुरुवात करू नका, एवढीच विनंती. स्वमग्न मुलाला नव्या माणसाची सवय व्हायलाच कित्येक महिने लागतात. तो रुळेपर्यंत तुमचा करार संपतो.

येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत तुमच्याकडून मला एक लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, हवं आहे: अठरा वर्षांवरील बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगांसाठी दिवसकेंद्र आणि वाहतूक. रक्कम पहिल्या वर्षी लहान असली तरी चालेल. शीर्ष असलं की पुढच्या वर्षी वाढवा म्हणून भांडता येतं. शीर्षच नसेल तर कुठल्या खिडकीवर भांडायचं?

आणि यादीसाठी अडून राहू नका. प्रत्येक विशेष शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात शाळा सोडल्याची तारीख असते, पत्ता असतो, बहुतेकांचे फोनही आम्ही पेन्सिलने समासात लिहून ठेवलेले असतात. तुमचा माणूस पाठवा. शनिवारी शाळा सकाळची असते, अकरानंतर आम्ही मोकळ्या असतो. रजिस्टर काढून ठेवते.

आपली,
एक विशेष शिक्षिका